तिसरी खेप

एका माणसाची मी सरकारी कागदावर तारीफ केली, आणि त्यामुळे एका पाड्याचं पाणी बंद झालं.

निंदा केली असती तर काही झालं नसतं. आमच्या कार्यालयात निंदेचे कागद वर्षानुवर्षं पडून असतात, त्यांना वाळवीशिवाय कोणी विचारत नाही. तारीफ मात्र चार दिवसांत वरपर्यंत गेली आणि आदेश होऊन खाली आली.

मी तेव्हा मोखाडा तालुक्यात टंचाईच्या टेबलावर होतो. उन्हाळ्यात कुठल्या गावाला पाण्याच्या टँकरच्या किती खेपा, आणि त्या खेपांना डिझेल किती, हे कागदावर मांडणारं ते टेबल. मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच डोंगरात आहेत, आणि याच डोंगरात आम्ही होळीच्या आधीपासून टँकर फिरवतो. यात काही विचित्र आहे असं मला पहिल्या वर्षी वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी वाटेनासं झालं. मी मूळचा देशावरचा, राहायला जव्हारला, हुशार म्हणून कार्यालयात प्रसिद्ध. ही प्रसिद्धी मीच केलेली होती.

तो आमच्या एका टँकरवर ड्रायव्हर होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

त्याचा रामराम म्हणजे "ॲव्हरेज काय?" गाडी लिटरला किती किलोमीटर जाते त्याला आपण ॲव्हरेज म्हणतो, पण हा तो शब्द कशालाही लावायचा. लग्नाला गेला की नवरीकडे बघण्याआधी आचाऱ्याला गाठायचा: "भात किती शिजवला? जेवली किती? मग ॲव्हरेज काय पडलं?" वांगणीला त्याची थोरली बहीण होती, तिच्याकडे तो महिन्या-दोन महिन्यांनी जायचा. तिच्याबद्दल अभिमानाने सांगायचा, "एक भाकर खाती अन् दोन डोंगर चढती. असं ॲव्हरेज कुठल्या कंपनीला काढता येनार नाय." एकदा टंचाईची पाहणी करायला कोणी मोठे लोक आले. नऊ गाड्या होत्या, सगळ्यांच्या काचा वर आणि आत गारवा. पाहणी होईपर्यंत तासभर नऊच्या नऊ गाड्या जागेवर चालू. हा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून बोटांवर काहीतरी मोजत होता. गाड्या गेल्यावर मला म्हणाला, "भाऊसाहेब, दोन खेपा पिऊन गेले. अन् पानी पाहिलं कुनीच नाय."

टँकर चालवायचा अनवाणी. चप्पल घातली की पायाला डिझेल कळत नाही, हे त्याचं शास्त्र. टायरमध्ये हवा किती आहे हे तो बोटाच्या पेराने वाजवून सांगायचा, आपण नारळ वाजवतो तसं. केबिनमधलं मागचं बाकडं त्याने उचकटून टाकलं होतं, डाव्या बाजूचं दार काढून बहिणीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं होतं. "दाराचं वजन कशाला वाहायचं? माझ्या बाजूनं मी पडनार नाय. तुमच्या बाजूनं तुम्ही बघा." टँकर कुठे आहे ते दाखवणारं यंत्र आम्ही सगळ्या टँकरना बसवलं होतं. याच्या टँकरच्या यंत्राच्या तारा उंदरांनी खाल्ल्या. तीन उन्हाळ्यांत तीनदा खाल्ल्या. मी म्हणालो, "उंदीर फार झालेत का हो टँकरमध्ये?" तो म्हणाला, "एकच हाय. पन शिकलेला हाय."

आणखी एक गोष्ट होती, ती मला बऱ्याच दिवसांनी कळली. इंजिन चालू असेपर्यंत मी त्याला 'भाऊसाहेब, तुम्ही'. रिकामा टँकर घेऊन परत येताना उतार लागला की तो किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा, टँकर आपल्या वजनाने सुसाट खाली यायचा, आणि त्या शांततेत मी 'तू' व्हायचो. डोंगरातली माणसं तशीही सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तहसीलदार असो की देव. 'तुम्ही' हे तो बाहेरून शिकून आला होता. इंजिनाच्या आवाजात बोलायची भाषा ती, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं असावं. उतारावर तो त्याच्या खऱ्या आवाजात बोलायचा.

पहिल्यांदा त्याच्याबरोबर तपासणीला गेलो ती चढाची गोष्ट आधी सांगतो. सूर्यमाळचा चढ सुरू झाला तसा त्याने टँकर थांबवला.

"भाऊसाहेब, उतरा."

"का? बिघडला?"

"नाय. तुम्ही जेवून आलाय."

मला वाटलं चेष्टा आहे. पण तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहिला. शेवटी मी उतरलो. दुपारच्या उन्हात, हातात तपासणीची फाईल, मी सूर्यमाळचा चढ टँकरच्या बाजूने चालत चढलो. टँकर माझ्याच वेगाने चालला होता, म्हणजे तो केबिनमधून आरामात माझ्याशी गप्पा मारत होता. वर पोहोचल्यावर मला धाप लागलेली, आणि तो मला म्हणतो, "पाव लिटर वाचलं. तुमचं वजन चांगलं हाय." त्या दिवशीच्या तपासणी अहवालात मी 'समाधानकारक' एवढंच लिहिलं. मग त्याच फाईलने वारा घेत बसलो.

मग मी गाडी घेतली. जव्हार ते मोखाडा रोज एसटीने यायचो, बायको म्हणाली आता बस झालं, हप्ते मी बघते. मी कंपन्यांची पत्रकं महिनाभर वाचली आणि सगळ्यात कमी पेट्रोल पिणारी गाडी निवडली. तेलासाठी देश परक्यांच्या तोंडाकडे बघतो, आपण निदान आपला वाटा उचलावा, असं मी पेढे वाटताना कार्यालयात बोललोसुद्धा. याला पेढा देताना मुद्दाम म्हणालो, "विचारा आता, ॲव्हरेज काय."

"काय?"

"चोवीस."

त्याने पेढा गालात सारला. गाडीभोवती एक फेरी मारली. टायर वाजवून पाहिले.

"आधी कशानं येत होता?"

"एसटीनं."

"एसटीत मान्सं किती?"

"पन्नास तरी असतील."

"एसटी लिटरला पाच देत असंल, धरा. पन्नास मान्सं पाच किलोमीटर. अन् ही एक मानूस चोवीस." त्याने बोटांवर मोजलं. "मग वाढलं का घटलं?"

कार्यालयाच्या दारात उभे असलेले सगळे हसायला लागले. मी विषय बदलावा म्हणून सांगितलं, "हिची गंमत वेगळीच आहे. सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं, पेट्रोल वाचतं."

"भारी," तो म्हणाला. "सिग्नल कुठं हाय पन?"

जव्हार ते मोखाडा एकही सिग्नल नाही. पत्रक महिनाभर वाचताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याची कुवेतची गोष्ट मी उतारावर ऐकली. एका परतीच्या खेपेला इंजिन बंद होतं, दार नसलेल्या बाजूने वारा येत होता, मी सीटची कड घट्ट धरून बसलो होतो.

तरुणपणी तो भिवंडीला ट्रकवर हमाली करायचा. बरोबर सूर्यमाळच्या वरच्या पाड्याचा एक जण होता. दोघे ड्रायव्हिंग शिकले, एका एजंटने दोघांना कुवेतला धाडलं. तिथे हा पाण्याचा टँकर चालवायचा.

"पाणी? कुवेतमध्ये?" मी विचारलं.

"समुद्राचं. तिथं तेल जाळतात अन् खारं पानी गोडं करतात. इथं तेल जाळतात अन् खालचं पानी वर नेतात. मी दोन्हीकडं तेच काम केलं. तेल जाळून पानी पाजायचं."

मग तिथे लढाई सुरू झाली. एका रात्रीत सगळं बंद. पाण्याचं यंत्र बंद, टँकर सैनिकांनी नेला. हे दोघे हजारो माणसांबरोबर वाळवंटातून निघाले. एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, ड्रायव्हरने आपल्या टँकरवर बसवून घेतलं. दुसऱ्या देशाच्या सीमेवर गाड्या अडवल्या, पुढे सोडेनात. तिथे दिवसामागून दिवस गेले. त्याचा सोबती तिसऱ्या दिवशी टँकरच्या सावलीत गेला.

"कशानं?"

"तहानेनं. टँकर डिझेलचा होता. आत वीस हजार लिटर डिझेल, अन् बाहेर मानूस थेंबासाठी जीभ काढून पडलाय. मी रात्रभर त्या टँकरला कान लावून बसलो. आत डुबुक डुबुक वाजं. पान्यासारखंच वाजं रे ते. तुला सांगतो, पान्यासारखंच."

उतार संपत आला होता.

"लढाई कशाची होती ते तेव्हा कळलं. राजाची नाय, देवाची नाय. ॲव्हरेजची. सगळ्या जगाच्या गाड्या निम्मं प्याल्या असत्या तर त्या वाळूत कोन कशाला मरायला आलं असतं?"

मी माझी हुशारी काढली. "पण मग कुवेतलाही कोणी तुम्हाला बोलावलं नसतं. नोकरीच नसती."

"नसती. तोपन घरीच नाचनी लावीत बसला असता." सपाटी आली, त्याने किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं. "भाऊसाहेब, जरा मागं सरा. पडाल."

त्याच दिवशी, उतार लागण्याआधी टेकाडावर चहाला थांबलो असताना, त्याने मला विश्वासाने एक आकडा सांगितला होता. आमचं कार्यालय टँकरला लिटरमागे तीन किलोमीटर धरून डिझेल द्यायचं. हा साडेचार काढायचा. म्हणजे दोन खेपांच्या डिझेलमध्ये त्याच्या तीन खेपा व्हायच्या.

"आणि उरलेलं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लागतं बरोबर मार्गाला," तो म्हणाला, आणि बशीतला चहा संपवला.

उरलेल्या डिझेलचं बाकीचे ड्रायव्हर काय करतात हे मला माहीत होतं. हाही विकतो, असं मी मनात धरलं. आणि आपण हे कोणाला सांगणार नाही, म्हणून मला स्वतःचा मोठेपणा वाटला. तीन उन्हाळे मी तो मोठेपणा मनात बाळगून होतो.

चौथ्या उन्हाळ्यात आखातात पुन्हा लढाई पेटली. तेलाची जहाजं समुद्रात अडली, टीव्हीवर नकाशे लाल झाले, आणि जव्हारच्या पंपावर ड्रम घेऊन माणसं उभी राहिली. आमच्याकडे इंधन बचतीचं पत्र आलं. प्रत्येक टेबलाने उपाय सुचवायचे. लेखाविभागाने सुचवलं, पंखे कमी वेगाने लावावेत. आस्थापनेने सुचवलं, साहेबांनी महिन्यातून एकदा सायकलने यावं, आणि ते वाक्य मग खोडलं. मी मात्र मनापासून टिपणी लिहिली. अशी टिपणी मी पूर्वी लिहिली नव्हती. वाळवंट माझ्या डोळ्यांपुढे होतं, डुबुक डुबुक कानात होतं. 'सदर चालक लिटरमागे साडेचार किलोमीटर इतके ॲव्हरेज काढतो. परक्या देशांच्या तेलावरील अवलंबित्व आणि त्यातून उद्भवणारी युद्धे पाहता त्याचे कार्य अनुकरणीय आहे.' खाली त्याचं नाव, टँकरचा नंबर, माझी सही.

चार दिवसांत आदेश आला. सर्व टँकरना यापुढे लिटरमागे साडेचार किलोमीटर धरून डिझेल द्यावं.

साहेबांनी मला बोलावून चहा पाजला. मी आदेशाची प्रत घेऊन टँकर भरायच्या विहिरीवर गेलो. त्याला वाचता येत होतं ते पाटीपुरतं, गावाचं नाव कळण्यापुरतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. पंपाचा पाइप टँकरच्या तोंडात सोडून तो खाली उतरला.

"अनुकरनीय म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांनी तुमच्यासारखं करावं."

"सगळ्यांनी केलं की माझं काय उरलं?"

मी हसलो. तो हसला नाही. इंजिन बंद होतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

"तू माझी तिसरी खेप लिहून टाकलीस," तो म्हणाला.

"कुठली तिसरी खेप? दोनच मंजूर आहेत."

"तेच तर."

मग त्याने सांगितलं. उरलेल्या डिझेलवर तो रोज एक खेप सूर्यमाळच्या वरच्या पाड्याला नेत होता. त्याच पाड्याला, जिथला माणूस सीमेवर त्या टँकरच्या सावलीत गेला. त्या माणसाची बायको तिथेच होती. तिच्याबरोबर दहा-अकरा म्हातारी माणसं, दोन लेकुरवाळ्या बाया, शेरडं. पाड्याची विहीर होळीला आटायची. टँकर त्या विहिरीत पाणी सोडायचा आणि हा गुपचूप परत यायचा. पाडा आमच्या यादीत नव्हता. का नव्हता, तेही मला नंतर माझ्याच कपाटात सापडलं: पाहणी दिवाळीनंतर झाली होती. तेव्हा पाड्यातली माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि मागे राहिलेली म्हातारी रानात लाकडाला. पाहणी करणाऱ्याने दारांना कड्या पाहिल्या आणि लिहिलं, 'सर्व घरे बंद, वस्ती नाही.' खाली तपासलं म्हणून माझी सही होती.

"मग मला सांगायचं ना!" मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी खरं उत्तर दिलं नाही. खरं उत्तर असं, की मी नियम काढून दाखवला असता.

मी धावपळ केली, नाही असं नाही. पाडा यादीत घालावा म्हणून प्रस्ताव लिहिला. नवी पाहणी करायला स्वतः चढून गेलो. माणसांची नावं लिहून घ्यायला लागलो तर कोणी नाव सांगेना. फॉरेस्टवाला आला, घरं उठवणार, असा त्यांचा समज. शेवटी एका म्हातारीने मला शेळ्यांची नावं सांगितली आणि मी ती मन लावून लिहून घेतली. तीन ओळी झाल्यावर लक्षात आलं. प्रस्ताव वर गेला आणि उत्तर आलं, की इंधन बचतीचे आदेश लागू असेपर्यंत नवी खेप मंजूर करता येणार नाही. सोबत माझ्याच टिपणीचा संदर्भ जोडला होता.

बाया पुन्हा दरीत उतरायला लागल्या. कपारीत एक झरा आहे, वाटीने हंडा भरायचा. जाऊन यायला अर्धा दिवस.

त्याच सुमारास तो मला आदेशाबद्दल विचारायला आला. म्हणजे आदेशाबद्दल नाही, गणिताबद्दल. "भाऊसाहेब, आता साडेचारचं डिझेल भेटतं. मी पावणेसहा काढले तर?"

मी कागदावर मांडून पाहिलं. "तर दिवसाआड एक खेप निघेल. पण पावणेसहा टँकरला निघत नाहीत."

"रिकाम्यालाच उतार दिला तर नाय निघत," तो म्हणाला.

त्याचा अर्थ मला तिथेच कळायला हवा होता. त्याचा एक नियम होता आणि तो मीच दहा वेळा ऐकला होता: इंजिन बंद करायचं ते रिकाम्या टँकरचं. इंजिन बंद असलं की ब्रेकची हवा भरत नाही, चार-पाच वेळा दाबला की ब्रेक संपला. रिकामा टँकर तेवढ्यात आवरतो. भरलेला आवरत नाही. सूर्यमाळच्या वाटेवर मधे एक मोठा उतार आहे, आणि तिथे तो भरला टँकर नेताना किल्लीला हातसुद्धा लावत नसे. हे सगळं माहीत असून मी त्याला पावणेसहाचं गणित बरोबर आहे का ते पुन्हा एकदा तपासून दिलं. माझं गणित बरोबर होतं.

सात खेपा त्याने पोचवल्या. आठव्या खेपेला त्या उताराच्या शेवटच्या वळणावर टँकर कलंडला.

मी माझ्या चोवीसच्या गाडीने पोहोचलो तेव्हा दुपार होती. टँकर कुशीवर पडलेला, झाकणातून पाणी रस्त्यावर, रस्त्यावरून उतारावर. केबिन चेपलेली आणि तो कमरेपासून खाली आत अडकलेला. जवळच्या वस्तीतली माणसं जमली होती. त्यांनी दांडे लावून केबिन उचलायचा प्रयत्न केला होता, ती हलत नव्हती. जेसीबी खोडाळ्याहून निघाला होता. बाया हंडे घेऊन आल्या होत्या, पण पाण्याला कोणी हात लावत नव्हतं. माणूस अडकलेला असताना पाणी कसं भरायचं, म्हणून सगळ्या पदर तोंडाला लावून उभ्या.

तो ओरडत होता. मला वाटलं दुखण्याने. जवळ गेल्यावर शब्द कळले.

"भरा की! काय बघता? मी कुठं चाललोय? भरा!"

मग एकीने हंडा लावला, मग दुसरीने. त्याने मला पाहिलं.

"मोज," तो म्हणाला.

मी त्याच्या डोक्याशी रस्त्यावर बसलो आणि हंडे मोजले. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि मोजणं हे तर माझं कामच. जेसीबी यायला दीड तास लागला. तोवर टँकर रिता झाला होता.

"किती?"

"एकशे बारा."

त्याने डोळे मिटले. मनात भागाकार करत असावा. "दहा हजार लिटरला एकशे बारा," तो म्हणाला. "एवढं खराब ॲव्हरेज माझं कधी पडलं नाय."

नाशिकच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला. बहीण वांगणीहून पोहोचली तेव्हा त्याला खाली आणत होते.

अपघाताचं टिपण माझ्याच टेबलाकडे आलं. 'भरलेल्या टँकरचे इंजिन उतारावर बंद केल्याने ब्रेक निकामी झाले,' असं मी लिहिलं, कारण ते खरं होतं. का बंद केलं होतं, याला त्या नमुन्यात रकाना नाही. लढाई तोपर्यंत बातम्यांत तिसऱ्या-चौथ्या नंबरवर गेली होती. डिझेलचा आदेश तसाच राहिला. एकदा साडेचार निघालेलं पाहिल्यावर परत तीन कोण देणार?

पुढच्या रविवारी मी पस्तीस लिटरचे चार कॅन घेतले, जव्हारला घरच्या नळावर भरले आणि गाडीत घातले. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. बायकोने खिडकीतून पाहिलं. सूर्यमाळच्या पुढे रस्ता संपून दगड सुरू झाले तशी गाडी पोटाने घासायला लागली. पुढच्या काचेखाली आकडा दिसतो, तो चोवीसवरून नऊवर आला. शेवटच्या चढाला चाकं जागेवर फिरायला लागली, म्हणून गाडी तिथेच सोडून एकेक कॅन खांद्यावर घेऊन चार फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला मी मधेच बसलो आणि कॅनमधलं थोडं पाणी प्यायलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पाड्यावर, सीमेवर तहानेने गेलेल्या त्या माणसाची बायको अंगणात बसली होती. शेळ्यांची नावं सांगणारी ती हीच, हे मला तेव्हा कळलं. तिने चारही कॅन हाताने उचलून वजन पाहिलं. मग आतून तांब्या आणला, कॅनमधल्याच पाण्याने भरला आणि माझ्यापुढे ठेवला. पाहुणा म्हणून. नको म्हणायला पाहिजे होतं. मी तो तांब्याही प्यायलो.

"माझ्या हातून चूक झाली, मावशी," मी म्हणालो. बोलायचं काय ते मी गाडीत पाठ केलं होतं. "टिपणी मीच लिहिली. ड्रायव्हर गेला, ते मला भरून देता येणार नाही. पण पाणी मी बंद पडू देणार नाही. माझी सुट्टी रविवारी असते. दर रविवारी मी स्वतः येईन, स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या पेट्रोलने."

मला वाटलं ती रडेल. मला स्वतःलाच थोडं रडू आलं होतं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली दगडांत तिरप्या उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघितलं.

"अन् सोमवारी काय करूं?" ती म्हणाली. "तुझी गाडी चाटूं?"